जुन्या पाईपांचा जीर्णोद्धार

मनुष्य जातो आणि त्याच्या वापरांतल्या वस्तु मागें राहतात, हें जगाचें नेहमींचेंच आहे. परंतु कांहीं वस्तूंच्या बाबतींत याहून एक निराळी गोष्ट घडते. वस्तु राहते, पण ती वापरण्याची चालच नाहींशी होते. घरांत दौत सांपडते, पण तींत टांक बुडविणारा हात राहिलेला नसतो. पानदान सांपडतें, पण पानें लावणारें कोणी उरलेलें नसतें. तंबाखू ओढण्याच्या युरोपीय पाईपाची आज अशीच अवस्था झाली आहे. आजोबांच्या टेबलाच्या खणांत, जुन्या बाजारांतल्या टोपलींत, लिलांवांत निघालेल्या सामानांत काजळलेले, तडकलेले, दांतांच्या खुणा उमटलेले पाईप पडून असतात. पाश्चात्य देशांत असे पोरके पाईप शोधून काढून, त्यांची साफसफाई व दुरुस्ती करून त्यांना पूर्वरूप देण्याचा छंद पुष्कळांना जडला आहे. त्यांतील कित्येकजण स्वतः धूम्रपान करीत नाहींत. त्यांचें प्रेम तंबाखूवर नसून तिच्यासाठीं घडविलेल्या त्या लहानशा यंत्रावर असतें.

हा छंद दिसावयास क्षुल्लक. परंतु त्याच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जुनी वस्तु दुरुस्त करावयाची म्हणजे ती किती दुरुस्त करावयाची? देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्यापुढें जो प्रश्न असतो, तोच वितभर लांकडाच्या या तुकड्यापुढें बसलेल्या मनुष्यापुढेंहि असतो. याचें उत्तर शोधावयाचें तर प्रथम पाईपाचा इतिहास पाहिला पाहिजे. कारण कोणती वस्तु माणसें दुरुस्त करतात आणि कोणती टाकून देतात, हें पुष्कळ अंशीं ती कशाची केलेली आहे यावर अवलंबून असतें.

इंग्लंडांत तंबाखू अमेरिकेंतून आली ती सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. तेथील आरंभींचे पाईप पांढऱ्या चिकणमातीचे असत. मातीची वळी करून तींत तार घालावयाची, म्हणजे धूर येण्यास भोंक पडे. मग ती वळी सांच्यांत दाबून, वाटीचा भाग कोरून, भट्टींत भाजून काढावयाची. तंबाखू त्या काळीं फार महाग, म्हणून त्या पाईपांची वाटीहि बोटाचें टोंक जाईल न जाईल इतकी लहान असे. पुढें तंबाखू स्वस्त होत गेली तशी वाटी मोठी होत गेली. पहिला जेम्स राजा या व्यसनाचा कट्टर वैरी होता. इ. स. १६०४ मध्यें त्यानें तंबाखूच्या निषेधाची एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली आणि तिच्यावर जबर जकातहि बसविली. परंतु राजाचा तिटकारा एकीकडे आणि खजिन्याची गरज दुसरीकडे! त्याच राजानें १६१९ मध्यें वेस्टमिन्स्टरच्या पाईप बनविणाऱ्या कारागिरांच्या संघाला सनद दिली.

जेम्स राजाची पुस्तिका निघाली त्याच सुमारास आपल्या दक्षिणेंतहि या इतिहासाचें एक पान लिहिलें जात होतें. पोर्तुगीजांच्या व्यापारामुळें तंबाखू दख्खनेंत आधींच येऊन पोंचली होती. अकबराचा वकील असद बेग हा विजापुरास आदिलशहाच्या दरबारीं गेला होता. तेथें त्यानें तंबाखू पाहिली आणि परत जातांना ती पुष्कळशी बरोबर नेली. तिच्यासाठीं त्यानें एक सुंदर पाईपहि तयार करविला होता. त्याची नळी तीन हात लांब, दोन्ही टोंकांस रत्नांचें व मिन्याचें काम, तोंडांत धरावयाची तोटी येमेनी अकीकाची आणि निखाऱ्याचें पात्र सोन्याचें, असें वर्णन त्यानें स्वतः लिहून ठेवलें आहे. वैद्याचा विरोध असतांहि अकबरानें त्या पाईपाचे दोनचार झुरके घेतले. मात्र पुढें त्याला त्याची संवय लागली नाहीं. इतर सरदारांना ती लागली. ती इतकी पसरली कीं, १६१७ मध्यें जहांगीरानें तंबाखूवर बंदी घातली. ती बंदी किती मानली गेली हें उत्तर हिंदुस्थानांत घरोघर गेलेल्या हुक्क्यावरून समजतेंच!

सोन्याची व अकीकाची गोष्ट दरबारची. सामान्य माणसाचें काम इकडे मातीच्या चिलमीवर भागे आणि तिकडे मातीच्या पाईपावर. चिलमीला ओली छापी गुंडाळावी, ओढावी आणि फुटली कीं नवी घ्यावी, एवढाच तिचा संसार. विलायती मातीच्या पाईपाचेंहि तसेंच होतें. पाईप फार काळवंडला कीं तो लोखंडी चौकटींत ठेवून भट्टींत पुन्हां भाजीत. आंतील चिकटा जळून जाई आणि पाईप पुन्हां पांढरा निघे. जुना पाईप स्वच्छ करण्याची ही बहुधा सर्वांत जुनी रीत म्हणावयाची. परंतु नळी मोडली कीं उपाय नसे. ती मोडेहि वरचेवर. म्हणून लंडनमध्यें थेम्स नदीच्या काठच्या चिखलांत अशा मोडक्या नळ्यांचे तुकडे आजहि हजारोंनीं सांपडतात.

या केरांतूनच पुढें इतिहास निघाला. जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकन संशोधकानें व्हर्जिनियांतील जेम्सटाउन येथील आणि इतर ठिकाणच्या उत्खननांत निघालेल्या नळ्यांचीं भोंकें सामत्याच्या पात्यांनीं मोजलीं. १९५४ मध्यें त्यानें दाखवून दिलें कीं, सतराव्या शतकाच्या आरंभापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हें भोंक क्रमाक्रमानें बारीक होत गेलें आहे. १६२० ते १६५० या काळांत बहुतेक भोंकें इंचाच्या चौसष्टाव्या भागाच्या आठपट असत. १७५० नंतर तीं चारपटीवर आलीं. नळ्या लांब होत गेल्या, म्हणून तारहि बारीक घालावी लागली, असें याचें कारण सांगतात. एखाद्या ठिकाणीं असे पुष्कळ तुकडे सांपडले कीं त्या वस्तीचा काळ अंदाजानें ठरवितां येतो. मातीच्या पाईपाचा इतिहास शिल्लक राहिला तो लोकांनीं तो टाकून दिला म्हणून. कोणी तो जपून, घासूनपुसून ठेवला असता, तर जमिनीच्या पोटांत हें घड्याळ लागलेंच नसतें.

दुसरा पाईप मीरशॉमचा. या जर्मन शब्दाचा अर्थ समुद्राचा फेस. परंतु हा पदार्थ समुद्रांतला नसून जमिनींतून खणून काढलेलें, मॅग्नेशियमयुक्त, अत्यंत हलकें असें एक खनिज आहे. तुर्कस्तानांतील एस्किशेहिरच्या आसपास तें उत्तम प्रतीचें मिळतें. ओलें असतां तें चाकूनें कोरतां येतें, म्हणून व्हिएन्नासारख्या शहरांतील कारागिरांनीं त्यावर माणसांचीं डोकीं, घोडे, शिकारीचे देखावे असें बारीक नक्षीकाम केलें. अशा पाईपावर मधमाशांच्या मेणाचा हात देत. पाईप जसजसा वापरांत येई तसतसा तंबाखूचा अर्क त्या सच्छिद्र खनिजांत जिरे आणि पांढरा पाईप प्रथम पिवळा, मग तपकिरी होत जाई. हा रंग चढावयास वर्षें लागत, आणि मालकाला त्याचा मोठा अभिमान असे. आतां एखाद्या उत्साही मनुष्यानें हा डाग समजून घासून काढला, तर पाईप स्वच्छ होईल खरा; परंतु कुणाच्या तरी आयुष्यांतलीं वीस वर्षें कांचकागदाबरोबर निघून जातील.

दुरुस्तीच्या छंदाला खरा वाव मिळाला तो तिसऱ्या पाईपामुळें, म्हणजे ब्रायरच्या पाईपामुळें. भूमध्य समुद्राच्या कांठीं एरिका आर्बोरिया नांवाचें एक झुडूप होतें. त्याच्या मुळाशीं कठीण गांठ धरते. तिचें लांकूड घट्ट असून तें उष्णता सोसतें आणि सहसा जळत नाहीं. फ्रान्समधील जुरा पर्वतांतलें सें-क्लोद हें गांव आधींपासूनच लांकडाच्या कातकामाबद्दल प्रसिद्ध होतें. जपमाळा, तपकिरीच्या डब्या इत्यादि जिन्नस तेथें होत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तेथल्या कातारी लोकांनीं ब्रायरचे पाईप करावयास आरंभ केला आणि थोड्याच वर्षांत जगभर त्यांची मागणी सुरू झाली. लांकडाचा गोळा तासन् तास उकळावा, महिनोन् महिने वाळवावा आणि मग त्यांतून पाईप काढावा, अशी ही कृति आहे.

याच काळांत तोटीसाठीं एक नवा पदार्थ मिळाला. चार्ल्स गुडइयर यानें रबर व गंधक एकत्र तापवून टिकाऊ रबर करण्याच्या कृतीचें पेटंट १८४४ मध्यें अमेरिकेंत घेतलें. गंधकाचें प्रमाण पुष्कळ वाढविलें कीं, हेंच रबर शिंगासारखें कठीण व काळें कुळकुळीत होतें. या पदार्थाला व्हल्कनाइट म्हणतात. अंबर महाग आणि ठिसूळ. व्हल्कनाइट स्वस्त आणि दांतांना सोसणारें. ब्रायरची वाटी आणि व्हल्कनाइटची तोटी ही जोडी जमली आणि पाईप ही बापानें मुलाला द्यावी अशी टिकाऊ वस्तु झाली. तो दोन भागांचा झाला, त्याचे भाग सुटे करतां येऊं लागले, म्हणून तो दुरुस्तहि करतां येऊं लागला.

पाईपाच्या या वैभवाला उतरती कळा लागली ती विज्ञानामुळें. १९५० मध्यें रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनीं धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा आपला निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध केला. पाईप हा सिगारेटसारखा घातक नाहीं, अशी समजूत पुढेंहि कांहीं काळ होती. परंतु ओठ, तोंड, घसा व फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका त्यानेंहि वाढतो हें सिद्ध झालें, आणि ती समजूत टिकली नाहीं. ओढणारे कमी झाले. लक्षावधि पाईप मात्र जसेच्या तसे मागें राहिले. आजचा छंद या शिल्लकीवर उभा आहे. पाईपाचा जीर्णोद्धार करावा म्हणून व्यसनाचा जीर्णोद्धार करावा असें मुळींच नाहीं. जुनी तलवार घासून भिंतीवर लावणारा मनुष्य कांहीं लढाईस निघालेला नसतो.

आतां ही दुरुस्ती कशी करतात तें पाहूं. वर्षानुवर्षें न उघडलेल्या पाईपाची तोटी दांड्यांत घट्ट बसलेली असते. ती जोरानें पिळली तर दांडा तडकतो. म्हणून पाईप कांहीं वेळ थंड कपाटांत ठेवतात. थंडीनें तोटीची खुंटी किंचित् आकसते आणि ती अलगद सुटते. मग वाटीच्या आंतील काजळीचा थर. हा थर अगदींच नसेल तर लांकूड उघडें पडतें. फार जाड झाला तर उष्णतेनें फुगून वाटीला तडा पाडतो. म्हणून वापरावयाच्या पाईपांत तो एक ते दीड मिलिमीटर ठेवून बाकीचा खरवडून काढावा, अशी जुनी रीत आहे. दांड्यांतील चिकटा काढावयास तीव्र मद्यार्कांत भिजवलेल्या काड्या फिरवितात. वाटींत कापूस भरून त्यावर मद्यार्क सोडून पाईप रात्रभर ठेवला कीं सकाळीं कापूस तपकिरी झालेला आढळतो. लांकडांतला जुना अर्क त्यांत उतरलेला असतो.

लांकडाला पोंचे आले असतील तर सुताराची युक्ति उपयोगी पडते. पोंच्यावर ओला फडका ठेवून वरून तापलेली इस्त्री टेकवितात. वाफेनें दबलेले तंतु फुगतात आणि खड्डा पुष्कळसा वर येतो. तोटीवरच्या दांतांच्या खुणांचेंहि असेंच आहे. व्हल्कनाइट आपला मूळ आकार विसरत नाहीं. दिव्याच्या ज्योतीवरून तोटी हलकेच फिरविली कीं दबलेला भाग आपोआप उचलून येतो. परंतु उजेड व हवा यांनीं व्हल्कनाइटचा पृष्ठभाग बिघडतो, त्यांतील गंधक बाहेर येतो, काळ्या तोटीवर हिरवट-तपकिरी कळा येते आणि तिला कडू चव येते. याला घासण्यावांचून उपाय नाहीं. एकाहून एक बारीक कांचकागद क्रमानें लावीत तासन् तास बसावें लागतें. खुंटी मोडली असेल तर सामत्यानें भोंक पाडून नवी खुंटी बसवितात. दांड्याला तडा गेला असेल तर तो पुढें वाढूं नये म्हणून त्याच्या टोंकाशीं सुईएवढें छिद्र पाडून, सरस भरून, वरून चांदीचें किंवा पितळेचें कडें चढवितात. शेवटीं कार्नौबा या ब्राझिली ताडाच्या पानांवरील मेणाचा हात फिरविला कीं लांकडाच्या रेषा पुन्हां बोलूं लागतात.

येथवर सारें हातांचें काम. येथून पुढें विवेकाचें. कारण याच घासण्यांत इतिहास नाहींसा होण्याचा धोका असतो. पाईपाच्या दांड्यावर कारखान्याचें नांव व खुणा उमटविलेल्या असतात. लंडनच्या डनहिल पेढीच्या कित्येक पाईपांवर लहान आंकडे असतात. त्यांवरून पाईप कोणत्या वर्षाचा तें ओळखतां येतें. इंग्लंडांतील चांदीच्या कड्यांवर चालता सिंह, शहराची खूण आणि वर्षाचें अक्षर उमटविलेलें असतें. नांगर दिसला कीं बर्मिंगहॅम, बिबट्याचें डोकें दिसलें कीं लंडन, असा हा शिक्का तारखेसह वाचतां येतो. या खुणा केसाएवढ्या उथळ असतात. पॉलिशाच्या चाकाखालीं पाईप जरा अधिक वेळ धरला कीं कारागिराचें नांव, गांव आणि साल हीं तिन्ही एकदमच पुसून जातात. चकाकी मात्र राहते! वाटीची जळलेली कड सपाट करण्याच्या नादांत कित्येकजण ती इतकी खालीं उतरवितात कीं, कारागिरानें साधलेलें प्रमाणच बिघडतें. असा पाईप नवा दिसतो. पण तो धड नवाहि नसतो आणि जुनाहि राहिलेला नसतो.

हा वाद पाईपापुरता नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील जुनीं चर्चें दुरुस्तीच्या नांवाखालीं खरवडून गुळगुळीत करण्याची लाट आली होती. तिला विरोध म्हणून विल्यम मॉरिस यानें १८७७ मध्यें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं संस्था काढली. तिला ‘खरवड-विरोधी’ असेंहि टोपणनांव होतें. वस्तु पडूं देऊं नका, गळूं देऊं नका, पण तिचें वय खोटें करूं नका, असें त्या मंडळींच्या मताचें सार सांगतां येईल. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळांना तैलरंग फांसलेले पाहून ज्यांचा जीव हळहळतो, त्यांना हें निराळें सांगावयास नको. बिदरी हुक्क्यांचेंहि तसेंच झालें आहे. बिदरच्या किल्ल्यांतील माती व नवसागर यांच्या योगानें जस्ताच्या त्या मिश्रधातूला मुद्दाम काळा रंग आणतात. त्या काळ्यावर चांदीचें काम उठून दिसतें. घरांतील भांडीं घासण्याच्या पुडीनें कोणी तो हुक्का लख्ख केला, तर काळा रंगच निघून जातो आणि चांदीबरोबर तिच्यामागचा पडदाहि हरपतो. अति तेथें माती म्हणतात, ती अशी.

म्हणून या छंदांतील जाणती मंडळी एक साधा नियम पाळतात. जें केल्यानें वस्तु तगते तें करावें. जें केल्यानें ती केवळ नवी दिसते तें टाळावें. तडा सांधावा, कारण तो वाढतो. चिकटा काढावा. परंतु दांतांची एखादी खूण, अंगठा टेकून टेकून गुळगुळीत झालेला वाटीचा भाग, जुन्या मालकानें स्वतःच्या हातानें बसविलेलें ओबडधोबड पितळी कडें, हें राहूं द्यावें. नवा भाग बसविला असेल तर तो नवा आहे हें लपवूं नये. आणि पाईप विकावयाचा असेल तर घेणाऱ्याला तसें सांगावें. दुरुस्ती आणि बनावट यांत हत्याराचा फरक नसतो. फरक असतो तो एवढ्या एका वाक्याचा.

मातीचा पाईप टाकून दिला गेला आणि त्याच्या तुकड्यांनीं संशोधकांना काळ मोजावयास शिकविलें. ब्रायरचा पाईप कोणी टाकला नाहीं. म्हणून त्याचा इतिहास जमिनींत नसून दुरुस्त करणाऱ्याच्या हातांत आहे. जमीन कांहीं पुसत नाहीं. हात पुसूं शकतो. तेव्हां कांचकागद उचलण्यापूर्वीं भिंगांतून पाईप नीट पाहावा, त्यावरचीं अक्षरें टिपून ठेवावीं, आणि मगच कामाला हात घालावा.